दोऱ्यावरची साखर

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मी संध्याकाळी दोन तास मुलांचा अभ्यास घेते. पाचवी ते आठवीची बावीस मुलं. मी बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या बोर्डाच्या पेपरला सुटला तो सुटलाच. त्यामुळे विज्ञानाचं पुस्तक कुणी पुढं केलं की मी हळूच म्हणायची, “आज आपण निबंध घेऊ या.”

पण श्रावणात एका मुलानं मला पकडलंच. त्याला स्फटिकीभवनाची व्याख्या पाठ करायची होती. डोळे मिटून, पुढंमागं झुलत त्यानं ती घडाघडा म्हणून दाखवली. मी विचारलं, “संपृक्त म्हणजे काय रे?” तो म्हणाला, “ते असतंय ताई. द्रावण.” बरं, स्फटिक म्हणजे? “ते खाली बसतंय.” बाकीची मुलं हसली, पण त्यांनाही येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आलं नसतं.

घरी येऊन मी ते प्रकरण दोनदा वाचलं. तुरटी, मोरचूद, मीठ, साखर अशी नावं होती. मोरचूद विषारी, ते लहान मुलांच्या हातात द्यायचं नाही. साखर मात्र आपल्या राज्यातली. वीस वर्षं मी पाक करतेय, लाडवाचा, चिरोट्याचा, गुलाबजामचा. म्हटलं, हे आपल्याला जमणार. आणि दोऱ्याची खडीसाखर आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे की! खडा फोडला की आत दोरा निघायचा नि लहानपणी आम्ही तो चोखत बसायचो. तो दोरा तिथं का असतो, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी पाक करून नेला. बरणीत ओतला, पेन्सिलीला दोरा बांधून आत सोडला आणि मोठ्या तोऱ्यात मुलांना सांगितलं, “आठ दिवसांनी बघा गंमत.” आठ दिवसांनी गंमत झाली ती अशी, की दोरा जसाच्या तसा ओला, पाक जसाच्या तसा पातळ, आणि मुंग्यांची रांग समाजमंदिराच्या पायरीपासून बरणीपर्यंत. पंधरा दिवस झाले तरी एक कण नाही. मुलं काही बोलली नाहीत. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या चौथी शिकलेल्या, वय एक्क्याऐंशी. संक्रांतीचा हलवा त्या अजून घरी करतात. लसणीसारखं सावकाश सोलत बसायचं काम आहे ते. मंद आचेवर परात, त्यात तीळ नि खसखस, वरून चमचाचमचा पाक आणि बोटांनी सतत हलवणं. पहाटेच्या थंडीत बसलं तर काटा छान येतो, असं त्या म्हणतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “लिंबू पिळलंस का?”

पिळलं होतं. सवयीनं! पाक केला की चार थेंब लिंबू, हे माझ्या हातातच बसलेलं.

“मग कशी साखर व्हायची? साखर होऊ नये म्हणून तर लिंबू पिळतात.”

मैत्रिणींनो, वीस वर्षं मी लिंबू पिळतेय, पण ते का, हे सासूबाईंनी सांगितलं तेव्हा मला कळलं. मग पुस्तकं उघडली, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, साखरेचा एकेक अतिसूक्ष्म कण दोन तुकड्यांचा जोड असतो. एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. लिंबातल्या आम्लानं उकळताना यातले काही जोड तुटतात. साखरेचे कण एकावर एक शिस्तीत रचले जातात तेव्हा स्फटिक होतो. हे सुटे तुकडे मध्ये लुडबुडले की रचना बसत नाही. म्हणून गुलाबजामचा पाक दुसऱ्या दिवशीही वाहता राहतो. मधातही हे दोन तुकडे सुटेच असतात, म्हणून तो बराच काळ पातळ राहतो, आणि थंडीत त्यातलं ग्लुकोज रवाळ होऊन खाली बसतं. मध साखरला म्हणजे त्यात साखर मिसळली, असं समजून आपण दुकानदाराशी भांडतो. अस्सल मधही साखरतो. मी स्वतः एकदा भांडून आलेली आहे, म्हणून सांगते.

दसरा झाल्यावर पुन्हा सुरुवात केली. पावसाळ्याची दमट हवा गेली होती, म्हणजे बरणीतल्या पाण्याची वाफही नीट होणार. या वेळी मुलांना सगळं आधी सांगितलं, लिंबाची फजितीसुद्धा. संपृक्त म्हणजे काय, ते मी एसटीवरून सांगितलं. सगळ्या सीट भरल्या की गाडी संपृक्त. पण यात्रेच्या दिवशी कंडक्टर काय करतो? उभ्यानं माणसं कोंबतो. पाणी तापवलं की त्यात तशी जास्तीची साखर कोंबता येते. साध्या शंभर मिलिलिटर पाण्यात साधारण दोनशे ग्रॅम साखर विरघळते. उकळत्या पाण्यात तिच्या दुपटीहूनही जास्त. पुढं पाणी गार झालं, की उभ्या राहिलेल्यांना उतरावंच लागतं. ही उतरलेली साखर म्हणजे आपले स्फटिक.

“मग दोऱ्याला आधीच साखर कशाला लावायची?” एकानं विचारलं. मी उत्तर शोधत होते, तोवर मागून एक मुलगी म्हणाली, “पंगतीत पहिलं कुणी बसल्याबिगर बाकीचे बसत नाहीत ना, तसं.”

यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं. ती मुलगी सातवीतली. तिचं नाव मी लिहिणार नाही, तिच्या आईला तसा शब्द दिलाय. वर्गात तिला सगळे ‘ताई’च म्हणतात, कारण दीड वर्षाचा भाऊ कायम तिच्या कडेवर. आईवडील ऊसतोडीला जातात. आमचा बीड जिल्हा, दिवाळी झाली की अर्ध्या वस्तीला कुलूप लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत चार-पाच महिने कारखान्याच्या शिवारात कोपी करून राहायचं. आतापर्यंत ही मुलगी आजीजवळ राहून शिकत होती. यंदा आजीला दिसेनासं झालं, डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. आणि बाळ लहान. म्हणजे काय ठरलं असेल, ते तुम्हाला सांगायला नको.

कृती सांगते, घरी मुलांबरोबर करून बघा. एक वाटी पाणी, तीन वाट्या साखर. पाणी तापवायचं, साखर थोडी थोडी घालत ढवळायची. एकही कण तळाशी राहता कामा नये आणि वर मळी आली तर काढून टाकायची. दुधाचा चमचा घातला तर ती पटकन वर येते, हे आपल्याला ठाऊक आहेच. दोरा सुती हवा. पाण्यात भिजवून कोरड्या साखरेत घोळवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, शक्यतो आदल्या दिवशीच. पाक बरणीत ओतून कोमट होऊ द्यायचा आणि मगच दोरा सोडायचा. कडकडीत पाकात सोडला तर दोऱ्यावरची साखर विरघळून जाते, पंगतीतला पहिला माणूसच उठून जातो. दोरा तळाला नि कडेला टेकू नये. वर पातळ कापड. बरणी गार, सावलीच्या जागी ठेवायची आणि परातीत पाणी घालून त्यात ती उभी करायची, म्हणजे मुंग्यांचा बंदोबस्त. आणि हलवायची नाही. अजिबात नाही. आठ-दहा दिवस. पाक ओतायचं काम मोठ्यांनीच करावं, पाकाचा चटका चिकटून बसतो. माझ्या अंगठ्याला फोड आला होता तो महिनाभर पुरला.

आम्ही दोन किलो साखरेत सहा बरण्या केल्या. चार-चार मुलांना एक, एका गटात दोघंच. तिसऱ्या दिवशी दोऱ्यावर बारीक चमक दिसली. मुलं शाळेतून आधी समाजमंदिरात यायला लागली, दप्तरासकट. न हलवता बघायचं म्हणून जमिनीवर पालथी पडून बघायची.

पाचव्या दिवशी वस्तीतली एक बाई आली. तिची दोन मुलं माझ्याकडं येतात. दारातूनच म्हणाली, “ताई, आमच्या घरात च्याला साखर पुरंना, आन् तुम्ही दोन किलो साखर पाण्यात घातली म्हणं? पोरगं घरी येऊन वाटीभर साखर मागतंय.”

मला उत्तर सुचेना. चाळीस-पंचेचाळीस रुपये किलोची साखर. माझ्या घरातला महिन्याच्या यादीतला एक आकडा, तिच्या घरात तो हिशोब पावशेरावर चालतो. मी प्रयोगाचा इतका विचार केला, मुंग्यांचासुद्धा केला, पण हे माझ्या मनात आलं नव्हतं. समाजकार्य करते म्हणवून घेणाऱ्या बाईच्या मनात ते आधी यायला हवं होतं. मी तिला एवढंच म्हटलं, की यातला थेंबही वाया जाणार नाही, वर राहिलेला पाक पुन्हा उकळून वापरता येतो. ती “बघू” म्हणून गेली. त्या दिवशी मुलांना मी सांगितलं, घरी करायचं तर अर्ध्या वाटीचं करा, आणि आईला विचारून.

आता ‘ताई’च्या बरणीचं. सातव्या दिवशी तिचा भाऊ रांगत गेला, परातीत बसला आणि बरणीत चमचा घालून मनसोक्त ढवळून आला. आम्ही बघितलं तोवर बरणीत नुसता धुरळा. तासाभरात तळाशी बारीक रव्याचा थर बसला, आणि दोरा चमच्याला गुंडाळलेला. ती भावाला काही बोलली नाही. पाठमोरी होऊन परातीतलं पाणी पुसत राहिली. बरोबरच्या मुलांनी मात्र त्या बाळाला चार शब्द सुनावले, जसं काही त्याला कळतंय.

पण खरं सांगू का, त्या बरणीनंच सगळ्यात जास्त शिकवलं. तीच साखर, तेच पाणी. न हलवता ठेवलं तर कणावर कण रचून मोठा खडा होतो. ढवळलं तर हजारो ठिकाणी एकदम सुरुवात होते, सगळ्यांना थोडं थोडं मिळतं आणि बारीक रवा पडतो. तूप कढवून सावकाश निवू दिलं की छान रवाळ होतं, फ्रीजमध्ये घातलं की नुसतं गोळा. तेही हेच. मिठाचं मात्र वेगळं आहे. पाणी तापवलं म्हणून मीठ काही फारसं जास्त विरघळत नाही, त्यामुळे ते थंड करून मिळत नाही, पाणी उडवावं लागतं. कोकणातली मिठागरं म्हणून उन्हात. भिंगातून बघितलं तर मिठाचा कण चौकोनी ठोकळा दिसतो आणि साखरेचा तिरप्या कडांचा. मुलांनी चिमूटचिमूट घेऊन तासभर हेच केलं, आणि शेवटी चाखून खात्री केली!

कारखान्यातही ढवळण्याचा नि न ढवळण्याचा हाच हिशोब असतो. उसाचा रस चुन्यानं नि गंधकाच्या धुरानं साफ करतात, आटवतात आणि मोठ्या बंद पॅनमध्ये हवा काढून कमी आचेवर शिजवतात, म्हणजे साखर जळत नाही. योग्य वेळ आली की त्यात साखरेची अगदी बारीक पूड सोडतात. तेच बियाणं. त्यावर साखर चढते. मग ते दाट मिश्रण गरगर फिरणाऱ्या जाळीच्या यंत्रात घालायचं, मळी बाहेर फेकली जाते आणि साखर आत राहते. दाणा केवढा झाला त्यावरून एस-३०, एम-३० असे प्रकार ठरतात. किराणा दुकानात आपण ‘बारीक द्या’, ‘जाड द्या’ म्हणतो, ते हेच. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांचे आईबाप या साखरेचा ऊस तोडतात, पण आत काय होतं ते एकालाही माहीत नव्हतं. “आत सोडत न्हाईत,” एक जण म्हणाला.

तिच्या बरणीतला पाक आम्ही पुन्हा तापवला, रवा विरघळवला, नवा दोरा केला. दिवाळीला चारच दिवस राहिले होते. बाकीच्यांचे दोरे त्याच सुमारास काढले, करंगळीएवढे जाड झाले होते. मुलांनी ते खाल्ले नाहीत. वहीच्या कागदात गुंडाळून घरी नेले. उरलेला पाक मी गाळून उकळला, आणि भांडायला आलेल्या बाईलाच बोलावलं. ती आली, पाकात बोट बुडवून तार बघितली, म्हणाली, “सरका ताई, तुमच्या हातचं काम न्हाई हे.” त्या पाकात तिनं सगळ्या वर्गाचे शंकरपाळे केले. पीठ नि तूप मी दिलं. आता तिचं पोरगं वाटीभर साखर मागत नाही, पण पाकात लिंबू घालू नको म्हणून आईला शिकवतं, असं ती सांगते.

त्याच दिवसांत मी मुलांना डोरोथी हॉजकिनची गोष्ट सांगितली. १९१० साली जन्मलेली ही इंग्रज मुलगी दहा वर्षांची असताना एका लहानशा शिकवणीत तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक करायला शिकली आणि त्याच नादाला लागली. शाळेत रसायनशास्त्र मुलांसाठीच होतं, तिला आणि आणखी एका मुलीला तेवढी परवानगी मिळाली. पुढं स्फटिकांवर क्ष-किरण टाकून आत कण कसे रचलेत ते शोधण्यात तिनं आयुष्य घातलं. पेनिसिलिन, बी-१२ जीवनसत्त्व, इन्सुलिन यांची रचना तिच्यामुळे कळली. ऐन तारुण्यात संधिवातानं हाताची बोटं वाकडी झाली, तरी त्याच हातांनी ती काम करत राहिली. १९६४ साली तिला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा तिथल्या एका वर्तमानपत्रानं बातमीच्या मथळ्यात तिचा उल्लेख ‘गृहिणी’ असा केला होता! मी गृहिणी आहे, मला त्या शब्दाची लाज नाही. पण तरीही.

मुलांना बोटांची गोष्ट आवडली. ‘ताई’नं मात्र विचारलं, “तिचे आईबाप कुठं होते?”

मी सांगितलं, वडील इजिप्त-सुदानकडे नोकरीला. आई-वडील तिकडं आणि मुली बराच काळ इंग्लंडात मागे.

“लहान भावंडं होती का तिला?”

“तीन बहिणी. ती सगळ्यात मोठी.”

“मग त्यांना कोण बघायचं?”

“सांभाळायला बाई होती. आजी-आजोबा होते.”

“हां,” ती म्हणाली, आणि भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले. वडील पोती शिवत बसले होते. मी हंगामी वसतिगृहाचं सांगितलं. आईवडील स्थलांतर करतात त्या मुलांची गावातच राहायची, जेवायची सोय करण्याची ही योजना आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “बाई, तुमचं खरं हाय. पण पहाटं तीनला आम्ही दोघं फडात. लेकरू कोपीत एकटं ठिवायचं का? उचल तर घेतलीया, ती खर्चली बी. हिच्या आजीच्या डोळ्याला लागंल तेवढी ठिवलीया.”

मी काय सांगणार होते? बाळाला मी सांभाळते, असं तोंडापर्यंत आलं होतं. आलं नाही बाहेर. घरी एक्क्याऐंशीच्या सासूबाई, मुलाची बारावी, नवऱ्याची फिरतीची नोकरी. ही सगळी कारणं खरी आहेत. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही खरं. निघताना तिचे वडील म्हणाले, “एवढा हंगाम जाऊ द्या. पुढं हिचं बघावंच लागंल.” म्हणजे लग्नाचं. मी म्हटलं, अठराच्या आत बघितलंत तर मी पहिली येईन आडवी. ते हसले. माझं हसणं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेत जाऊन मी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक करून घेतलं. आपल्यापैकी अनेकींना हे माहीत नसेल. गाव सोडून जाणाऱ्या मुलाला शाळेतून हे पत्रक मिळतं, आणि ते दाखवून जिथं जाईल तिथल्या शाळेत मधल्या महिन्यातही बसता येतं. शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यानं चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाहीच, पण हातात पत्रक असलं की फरक पडतो. ते मी तिच्या आईच्या हातात दिलं, वडिलांच्या नाही. आईनं ते लुगड्यांच्या गाठोड्यात आत, खोल घातलं.

ट्रक समाजमंदिरासमोरूनच निघाला. भांडी, पोती, कोंबड्या, वर माणसं. ती भावाला घेऊन खाली उतरली, पळत आत आली, पालथी पडली आणि बरणीत बघितलं. सहावा दिवस होता. दोऱ्यावर गव्हाएवढे दाणे धरले होते.

“नेऊ का ताई?”

“हलली की बिघडेल गं.”

हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. बरोबरच्या मुलाला तिनं सांगितलं, परातीतलं पाणी आटू देऊ नको, आणि कुणाला चमचा लावू देऊ नको. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

तेव्हापासून ती बरणी तिथंच आहे. दहाव्या दिवशी मी दोरा काढायला निघाले, तर मुलांनी काढू दिला नाही. पाक कमी झाला, वर साय धरल्यासारखा साखरेचा पापुद्रा आला, की तो अलगद फोडायचा, आणि महिन्यातून एकदा ताजा पाक पूर्ण निववून त्यात दोरा तसाच सोडायचा, असं त्यांचं त्यांनीच ठरवलंय. पाकाची साखर आता वर्गणीतून येते. घरटी एक मूठ. शंकरपाळेवाली बाई मूठ मोठी घालते. आजीचं ऑपरेशन झालं, तिला आता समाजमंदिराची पायरी दिसते. ती रोज येऊन विचारते, “किती झालं?” संक्रांतीला सासूबाईंनी हलवा केला, तेव्हा त्यांच्याभोवती सगळी मुलं बसली होती, काटा यायची वाट बघत.

ती तिकडच्या शाळेत जाते, पण रोज नाही. बाळ झोपलं नि शेजारच्या कोपीतली म्हातारी थांबली तर. पत्रक दाखवल्यावर बसू दिलं, एवढं मात्र झालं. कारखान्यात पॅनवर काम करणारे एक काका त्यांच्या कोपीकडं वाढं घ्यायला येतात. त्यांना तिनं विचारलं, तुम्ही पॅनमध्ये आधी साखर टाकता का? ते म्हणाले, तुला कुणी सांगितलं? मग त्यांनी तिला बाहेरून का होईना, कुठल्या मजल्यावर काय चालतं ते बोट करून दाखवलं. हे सगळं तिनंच सांगितलं. रविवारी वडिलांच्या मोबाइलवरून तिचा फोन येतो, माझ्यासाठी नाही, बरणीसाठी. मी फोन स्पीकरवर ठेवते.

परवाही आला.

“किती झाला?”

मुलानं बरणीला पट्टी लावली. “तीन सेंटिमीटर रुंद.”

“बरणीच्या बाहिरनं मोजला ना? काच मोठं दाखवती. खोटं हाय ते.”

“मग काय आत हात घालू?”

“घालू नको! वरून बघ. पेन्सिलीवर पट्टी आडवी धर, आन् एक डोळा झाक.”

त्यानं एक डोळा झाकला. फोनमधून बाळाचं रडणं आणि लांबून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“अडीच,” तो म्हणाला.

“हां. आता बराबर. वहीत लिही, तारीख टाक.”